एक वीत बाजूला

प्रिय मामा,

पण मग तू तिथे बॉलला हात लावला होतास की नव्हतास? तेवढंच सांग. बाकीचं माझं मी बघून घेईन.

रागावू नकोस. तुला जाऊन पुढच्या रविवारी वर्ष होईल. या वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती अशी, पोलिसासारखी. पण आईने तुझं ते कार्ड कपाटातून काढलंय. तेच, एकशे बाराचं. वर्षश्राद्धाला तुझ्या फोटोशेजारी लावायचं म्हणून फ्रेमवाल्याकडे निघाली होती. मी दारातच अडवलं.

"आई, दोन दिवस थांब. मला एक गोष्ट चेक करायचीय."

"कार्डात काय चेक करायचंय? माझ्या भावाने साहेब लोकांबरोबर खेळून एकशे बारा केले, साहेबाने सही दिली. संपलं."

आई अजून समजते की एकशे बारा म्हणजे शतक आणि वर बारा. तू तिला कधी सांगितलंच नाहीस ना, की गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं? काल्हेरची आख्खी बिल्डिंग तुला शतकवीर समजायची आणि तू गालात हसत चहा पीत बसायचास. माझा संशय इथूनच सुरू होतो बघ. जो माणूस एक गैरसमज बारा वर्षं आरामात चालू देतो, तो दुसरा नाही देणार?

थांब, नीट पहिल्यापासून सांगते.

गेल्या आठवड्यात ऑफिसची टीम कर्नाटकात गेली होती, कॉफीच्या मळ्यांतल्या त्या गावात. गावाचं नाव कळल्यावर मी हॉटेल नाही शोधलं, मॅपवर तुझा गोल्फ कोर्स शोधला. चौथा खेळाडू मिळेना म्हणून तुझे साहेब ट्रेनिंगला आलेल्या गोडाऊन सुपरवायझरला, म्हणजे तुला, जिथे घेऊन गेले, तोच. टीम परत निघाली, मी एक दिवस सुट्टी टाकून मागे राहिले. तुझ्या सहा काठ्या घरूनच नेल्या होत्या. मॅनेजरला सांगितलं, ट्रायपॉड आहे.

खरा कोर्स मी पहिल्यांदाच बघत होते, मामा. मला गोल्फ म्हणजे काय माहीत? दापोड्याला तुझ्या गोडाऊनमागचा प्लॉट. बांबूंना बांधलेली जाळी, म्हणजे आपल्याबरोबर खेळणाऱ्या इस्माईलचाचांच्या पॉवरलूमवरचं डाग पडलेलं कापड. तीन खड्डे, तेच आपले होल. आणि मधूनच ट्रक वळायचे, त्यामुळे सगळीकडे चाकोऱ्या. बॉल चाकोरीत अडकला की निघणार कसा? म्हणून आपला नियम. बॉल उचलायचा, एक वीत बाजूला बऱ्या गवतावर ठेवायचा, होलच्या जवळ न्यायचा नाही, मग मारायचा. अकराव्या वर्षापासून मी असंच खेळलेय. यूट्यूबवर कोणी हात लावताना दिसायचं नाही. पण मी म्हणायचे, यांचं गवत गालिच्यासारखं, यांना कशाला लागेल वीत?

तिथे गेल्यापासून मला एकेकाचा संशय येत होता. आधी कॅडीचा. बसप्पा नावाचा, पन्नाशीचा, माझी बॅग उचलून भराभर पुढे जायचा आणि झाडीतून ओरडायचा, "मॅडम, मिल गया!" दरवेळी मिळतो कसा? खिशात दुसरे बॉल ठेवलेत की काय? मी माझ्या बॉलवर आदल्या दिवशी नेलपॉलिशचा ठिपका काढून ठेवला होता. प्रत्येक वेळी वाकून ठिपका बघायचे. माझाच असायचा.

मग दामले मॅडमचा. मी एकटीच म्हणून क्लबवाल्यांनी मला त्यांच्याबरोबर लावलं. मिलिटरीत नर्स होत्या, आता तिथेच राहतात, सत्तरीच्या असतील. आल्या आल्या हात पुढे केला.

"तुझं कार्ड दे इकडे."

"का?"

"का म्हणजे? तुझे फटके मी लिहिणार, माझे तू. आपलं आपण लिहायचं नसतं, बाळ."

गोडाऊनच्या आवारात वाढलेली मुलगी मी, पावतीशिवाय हातातली वस्तू कोणाला देते का? पण दिलं. आणि मग दर होलला त्या पेन्सिलीने काहीतरी लिहायच्या, माझ्याकडे बघायच्या, परत लिहायच्या. ही बाई माझ्या कार्डात करतेय काय?

पाचव्या होलनंतर राहवेना म्हणून मी डोकावलेच.

"मॅडम, माझे सहा झाले. तुम्ही आठ लिहिलेत."

"सहा फटके, दोन दंड."

"कसला दंड?"

"बॉल उचललास, हलवलास आणि नव्या जागेवरून मारलास. त्याचे दोन."

"एक वीतच तर हलवला. होलच्या जवळ पण नाही नेला."

बाईंनी गॉगल वर केला. "हे कोणी शिकवलं तुला?"

"मामाने."

"पाच होल बघतेय मी तुझ्याकडे. म्हटलं, पोरगी एक तर चोर आहे, नाहीतर वेडी. पण चोर इकडेतिकडे बघून हात घालतो. तू तर माझ्या समोर उकिडवी बसून बोटं ताणून वीत मोजत होतीस."

बसप्पा तोंड फिरवून हसत होता. "हम सोचा मॅडम को मालूम है," म्हणाला. "इतना ध्यान से करता था."

मामा, मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. मी सगळ्यांवर पाळत ठेवून होते आणि तिथे लबाडी करणारी एकच होती, मी. आधीच्या चार होलचे दंडही बाईंनी लिहिलेलेच होते. पुढे मी हात लावला नाही. एकदा बॉल मुळांमध्ये बसला. मी तशीच मारत राहिले, माती उडत राहिली, चार फटक्यांत तो बाहेर आला. शेवटी झाले एकशे एकेचाळीस. बाईंनी सही केली, कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे आता खरं आहे. जपून ठेव."

जपून ठेव म्हटल्यावर मला कोणाचं कार्ड आठवणार?

तूच मला वीत शिकवलीस. म्हणजे तू तिथेही तसंच खेळला असणार. मग तुझे एकशे बारा कसले? प्रत्येक वितेचे दोन धरले तर किती होतात? आणि साहेबाने बघूनही सही केली असेल, कशाला बिचाऱ्या सुपरवायझरला दुखवा, म्हणून? सगळे तुझ्यामागे हसले असतील का रे? परतीच्या प्रवासात मला दुसरं काही सुचलं नाही.

घरी येऊन आईकडून कार्ड घेतलं आणि अजून एक दिसलं. इतकी वर्षं बघतेय, पण कधी लक्षातच आलं नव्हतं. सगळे आकडे तुझ्या हातचे आहेत. तुझा तो पोटात रेघ मारलेला सात कोणीही ओळखेल. आपलं आपण लिहायचं नसतं ना? मग?

दामले मॅडमचा नंबर घेतला होता, फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, मोठे साहेब कुठे पेन्सिल धरतात? ज्युनियरच्या हातात देतात, सगळ्यांचं तूच लिही म्हणतात, शेवटी सही ठोकतात. असं व्हायला नको, पण होतं." असेलही. नसेलही. म्हणजे कार्ड तुझ्या हातात, पेन्सिल तुझ्या हातात, आणि बघणारं कोणी नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का?

मग मी भिवंडीत इस्माईलचाचांकडे गेले. लूम चालू होते, आत काही ऐकू येईना, चाचा मला बाहेर घेऊन आले.

"चाचा, मामाला माहीत होतं का, बॉलला हात लावायचा नसतो?"

"मालूम था ना. पहले कहाँ हाथ लगाते थे हम लोग? चाकोरीत गेला तर चाकोरीतून मारायचा. मैं तो एक-एक गड्डे में दस-दस मारता था."

"मग वीत?"

"वो तेरे वास्ते आई." चाचा हसायला लागले. "भूल गई? बॉल गड्ड्यात गेला की काठी फेकायची आणि रडत घरी. विलास बोला, इस्माईलभाई, पोरगी सोडून देईल, तिला हात लावू द्या. फिर बोला, उसको अकेली को छूट दी तो समझ जाएगी. सब लगाओ. मेरा भी गेम बिगाड़ दिया तेरे मामा ने. अब मेरे को आदत हो गई, छूटती नहीं."

मला काठी फेकलेली आठवत नाही. पण मी फेकली असेन.

हे ऐकून माझं मन भरून आलं आणि त्याच क्षणी संशयही दुप्पट झाला. रागावू नकोस म्हटलंय ना. बघ, आता 'त्याला माहीत नव्हतं' असंही म्हणता येत नाही. नियम तुला पक्का माहीत होता. मी खेळायला लागल्यावर वर्षाने तू तिकडे गेलास, म्हणजे हाताला वितेची सवय पण लागलेली. तिथे हात लावला असशील तर जाणूनबुजून लावलास.

आणि मला का नाही सांगितलंस? अकराव्या वर्षी ठीक आहे. पंधराव्या? विसाव्या? रडणारी मुलगी नोकरीला लागली तरी तू वीत चालूच ठेवलीस. एका अनोळखी बाईने मला चोर समजायच्या आधी तू सांगायला नको होतंस? की सांगायचं म्हणता म्हणता राहून गेलं? तू असा अचानक गेलास की मलाही पुष्कळ विचारायचं राहिलं.

घरी आले तर आई वाटच बघत होती. "झालं तुझं? माझ्या भावाचं खरंखोटं काढायला निघालीस, ते पण वर्षश्राद्धाच्या आठवड्यात. सख्खी भाची तू त्याची."

"म्हणूनच तर बघतेय."

"फ्रेमवाला सारखा फोन करतोय. म्हणतो, कार्डावर एका ठिकाणी घाण खाडाखोड आहे, कॉम्प्युटरवर साफ करून देतो. मी हो म्हटलंय."

"कुठे खाडाखोड?"

"मला काय माहीत. त्यालाच दिसली, फोटो पाठवला होता ना."

मी कार्ड घेऊन गॅलरीत उन्हात गेले. दुसरा होल. तिथे अकरा आहेत. अकराच्या खाली काहीतरी गिचमिड आहे, ती मी लहानपणापासून बघतेय, तुझं अक्षर म्हणून सोडून दिलेलं. उन्हात तिरकं धरलं तेव्हा दिसलं. खाली नऊ आहेत. नऊ खोडून अकरा केलेत.

दोन वाढवलेत, मामा. बरोबर दोन.

मी बाकीचे सतरा होल तीनदा बघितले. दुसरीकडे कुठेही खोडलेलं नाही. मला आता ते दिसतंय. दुसऱ्या होलला बॉल कुठेतरी वाईट जागी पडला, तू सवयीने वाकलास, उचललास, वीतभर बाजूला ठेवलास, मारलास. माझ्यामुळे लागलेली सवय. मग होल संपल्यावर नऊ लिहिलेस. आणि मग थांबलास. साहेबाने बघितलं असतं तर आधीच सांगितलं असतं, पहिल्यांदाच अकरा लिहिले असते, हो ना? नऊ लिहून झाल्यावर ते खोडायला कोण सांगणार होतं तुला?

असंही असेल की तू मोजायला चुकलास आणि नंतर दुरुस्त केलंस. मी वकिलासारखी हाही मुद्दा स्वतःला घालून बघितला. पण मोजणीची चूक नेमकी दोनाचीच का होईल? आणि माणूस आपल्या चुकीने वाढलेले आकडे कधी एवढे ठळक लिहितो का? तू अकरा दोनदा गिरवलेत. पेन्सिल कागदात रुतलीय, मागून बोट फिरवलं तर लागते.

आता माझं ऐक. मी परत जाणार आहे त्या कोर्सवर. तुझ्याच काठ्या घेऊन, शक्य झालं तर दामले मॅडमबरोबरच. दुसऱ्या होलवर बॉल कुठेही पडू दे, मी तिथूनच मारीन. आणि सवयीने हात लागलाच, तर समोरच्याने विचारायच्या आधी मी माझे दोन सांगीन, कोणी बघत असो की नसो. हे मी तुला वचन देते.

फ्रेमवाल्याला मी आजच फोन करून सांगणार आहे, साफसफाई करू नको, कार्ड आहे तसं बसव. आई चिडेल. म्हणेल, चारचौघांसमोर ते घाणेरडं खोडलेलं कशाला? तिला काय सांगायचं ते मी बघते. पण मामा, ते नऊ तसेच राहू देऊ ना, अकराच्या खाली? तुला काय वाटतं?

तुझीच,
सई