बेल वाजत नाही, दार ढकला

सोमवार

आत्याकडे सामानासकट दाखल झाले. घर सापडेना. एकाच चौकात तीनदा फिरून आले, शेवटी आत्याच अनवाणी रस्त्यावर येऊन हात हलवत उभी राहिली. नवं गाव, पहिली नोकरी आणि राहायला वरच्या मजल्यावरची खोली, तीही फुकट. फुकट ते पौष्टिक, म्हणत तिने माझी बॅग उचलली. वकिलीची सनद मिळाली तरी तिच्या लेखी मी अजून ठमीच आहे.

खालच्या खोलीत तिचं विजेवर चालणारं शिवणाचं मशीन. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. गिऱ्हाइकं पत्ता शोधून कंटाळतात आणि परत जातात, हे तिचं रडगाणं. जेवायच्या आधीच मी इंटरनेटवरच्या नकाशात तिच्या दुकानाची खूण टाकली. त्या नकाशात कुणालाही भर घालता येते आणि मला त्याचं जुनं व्यसन आहे. दाराचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, ‘बेल वाजत नाही, दार ढकला, उघडंच असतं.’ शिकलेल्या भाचीचा एवढा तरी उपयोग, असं आत्या म्हणाली, पण खूश होती.

बुधवार

माझ्या वरिष्ठ वकील मॅडम कमी बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी ऑफिसच्या वेबसाइटवर माझं नाव आणि फोटो टाकला. मी घरी तीन फोन केले.

मग खटल्याची फाइल दिली. एका ठेकेदाराने आपल्या भागीदाराला हातोडीने मारलं. आम्ही मयताच्या बायकोतर्फे. फाइलमध्ये प्रेताचे फोटो. तोंडाची डावी बाजू नव्हतीच, आणि कानाजवळ जे पांढरं दिसत होतं ते दात होते. हे बघणारी एकच साक्षीदार, शेजारच्या दवाखान्यातली नर्स, आणि ती गाव सोडून पळालेली. ठेकेदार जामिनावर बाहेर. पैसे भरून माणसं शोधून देणाऱ्या साइट परवडत नाहीत, फुकटात जमेल तेवढं शोध, असं मॅडम म्हणाल्या. फुकटात तर माझा हात कुणी धरू शकत नाही.

शनिवार

सापडली!

नर्सेसची नोंदणी यादी कुणालाही बघता येते. त्यातून तिचं मूळ गाव मिळालं, गावावरून बहीण, आणि बहिणीने जगाला उघडे ठेवलेले फोटो. एका फोटोत नर्स स्वतः, तिच्यामागे खिडकीबाहेर पाण्याची टाकी, तिची शिडी अर्धी तुटलेली, मागे दोन धुराडी. उपग्रहाच्या चित्रांत तीच टाकी शोधून काढली आणि आज बसने जाऊन धडकले.

तिने ओळखपत्र बघून दार उघडलं. आधी नाही म्हणाली, मग बोलली ते थांबलीच नाही. पहिल्या घावाला तो माणूस नुसता खाली बसला. दुसऱ्यानंतर त्याने स्वतःचे दात ओंजळीत धरले. आणि ठेकेदार प्रत्येक घावानंतर हातोडी उजव्या गुडघ्यावर पुसत होता, भाजी चिरताना सुरी पुसावी तशी. सगळं तिच्या संमतीने माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं. साक्षीला येईन, पण पत्ता कोर्टाशिवाय कुणाला कळता कामा नये, एवढीच तिची अट. मी शब्द दिला.

तिची गल्ली नकाशात नव्हतीच, मला तास लागला. नाहीतर कोर्टाचा माणूस समन्स घेऊन यायचा आणि ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून परत जायचा. म्हणून येताना बसमध्येच गल्ली काढली आणि खूण टाकली, ‘मागचा जिना, हिरवं दार.’ नाव घातलं नाही, म्हणजे शब्दही मोडला नाही.

मंगळवार

आज तिला कोर्टात न्यायला गेले. हिरवं दार उघडं होतं.

ती स्वयंपाकघरात होती. हात डोक्यावर धरले असणार, कारण आधी हातच फुटले होते, बोटं उलटी वळलेली. डोळ्यांच्या वर काही शिल्लक नव्हतं. चहाचं भांडं गॅसवर जळून काळं झालं होतं. छतावरसुद्धा रक्त. मी तिथेच बसले, आणि स्कर्ट ओला झाल्यावर कळलं कशात बसले.

पत्ता बाहेर कसा गेला, असं पोलिसांनी विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

बुधवार

माहीत झालं. मी टाकलेल्या खुणेखाली काल रिव्ह्यू आलाय. पाच तारे. ‘पत्ता अचूक. जिना मागेच आहे. आभारी आहे.’

माझं नाव ऑफिसच्या साइटवर. त्याच नावाने मी टाकलेल्या सगळ्या खुणा नकाशात, कुणीही बघाव्यात. जे मला फुकट, ते त्यालाही फुकट. मीच तिला मारलं. हातोडी तेवढी त्याची.

मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. रेकॉर्डिंग पोलिसांकडे दिलंय. पण ते माझ्यासमोर, माझ्याच फोनवर झालं, असं कोर्टात उभं राहून सांगणारी मी एकटी. हे त्याच्या वकिलालाही कळतं. ठेकेदार फरार आहे. उद्या संध्याकाळपासून दाराशी शिपाई बसेल. तोवर घरात राहा आणि घडेल तसं लिहून ठेव, असं मॅडम म्हणाल्या.

गुरुवार, दुपार

आत्याच्या दुकानाची खूण काढायचा प्रयत्न सकाळपासून. ‘तुमचा बदल तपासणीत आहे.’ तेच, पुन्हा तेच.

खाली कडी लावून आले. गिऱ्हाइकं परत जातील म्हणून आत्या कुरकुरतेय.

आत्ता चहा देताना सहज बोलली. काल एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, फार सभ्य, पँटची उंची कमी करायची. नकाशाने थेट दाराशी आणलं म्हणाले. भाची वरच राहते का, विचारत होते. गुडघ्यावर डाग होता. तिने पँट बादलीत भिजत घातली, तर पाणी लाल—

कुठल्या गुडघ्यावर, विचारलं.

उजव्या.

आज दुपारी न्यायला येणार आहे.

पोलिसांना फोन केला, निघालेत. बादलीला हात लावू नकोस म्हटलं, वर ये म्हटलं. हातातलं काम संपवून येते म्हणाली. खाली गेली.

मागच्या मोरीत पाणी ओतल्याचा आवाज. ओतलंच तिने. पुढच्या दाराची कडी— तिने काढली नाही ना—

मशीन सुरू झालं. बरं वाटलं.

एवढी लांब शिलाई ती कधी मारत नाही. हाक मारली. मशीन थांबत नाही. आत्या, पाय काढ पेडलवरून. आत्या

फोन वाजला. रिव्ह्यू. दुकानाचा. ‘बेल खरंच वाजत नाही. दार ढकललं.’

मशीन अजून चालूच. जिन्यावर पावलं. आत्या एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवून चढते. ही पावलं तशी