उजव्या पायाचा अंगठा

अंबरनाथ, मंगळवार, १४ मार्च १९८९. संध्याकाळ.

शेजारच्या रोझी आंटी आज गेल्या.

रात्रपाळीमुळे मी दिवसा झोपतो. गजर वाजून वाजून थकतो, मला ऐकू येत नाही. म्हणून आंटींनीच शिकवलं होतं, "ज्या मेलेल्यांसाठी कोणी प्रार्थना करत नाही ना, त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हण आणि वेळ सांग. ते उठवतात." मी ख्रिश्चन नाही, काही नाही. गंमत म्हणून म्हटली. तेव्हापासून रोज संध्याकाळी बरोबर पाचला जाग येते, उजव्या पायाचा अंगठा कोणीतरी ओढल्यासारखी.

आज दुपारी तीनलाच ओढला. जोरात. चिडून उठलो, तर भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आंटी जमिनीवर पडल्या होत्या. मी हात धरला.

"आलास?" म्हणाल्या. "सेंट जोसेफला सांगितलं होतं, मला एकटीला मरू देऊ नको."

पाच मिनिटांत संपलं.

पण मी तर पाचची वेळ सांगितली होती. मग तीनला कोण आलं? अंगठा अजून दुखतोय.

आत्ता कामावर निघण्याआधी आंटींसाठी तीच प्रार्थना म्हटली. वेळ मात्र सांगितली नाही.