कर्जणची बाई आणि प्रभूचं मेज

मांजलपूर, बडोदे
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय विमलवन्सं,

सप्रेम सलाम. नगरला अजून थंडी आहे असं तुमच्या सुनेनं कळवलं. इथली थंडी उत्तरायणाच्या पतंगांबरोबरच गेली. मांज्याची गुंतवळं तेवढी सोसायटीच्या झाडांवर लोंबतायत. तन्मय बरा आहे. त्याची सुरतेला बदली झाली. शनिवारी येतो, जेवतो आणि झोपतो. माझा गुडघा तसाच. डॉक्टर बदलून घ्या म्हणतात, मी म्हणते जुन्यावर भागतंय तोवर भागवू.

एवढं काय, फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आणि पुढचं जे आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

कर्जणची बाई आपल्या मंडळीत येऊ लागली आहे.

तुम्ही कायम तिला सटवी म्हणालात, तेही माझी बाजू घेऊन, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. तिचं नाव हंसा. मी ते आजवर कागदावर लिहिलं नव्हतं. तन्मय आठवीत असताना तुमचे भाऊ घर सोडून तिच्याकडे गेले, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी तिच्याच घरी वारले. मातीला तुम्ही गेला नाहीत, मीही नाही.

ती जन्मानं ख्रिस्तीच, आणंदकडची. आपल्या चर्चमध्ये आपल्यानंतर गुजराती उपासना असते, पण ती येते ती मराठीला. का, ते मला पहिल्याच रविवारी कळलं. मागच्या बाकावरून ती गात होती. आपली जुनी गीतं, पुस्तक न उघडता. तुमचे भाऊ तरुणपणी गायकवृंदात गायचे तेव्हा कडवं संपताना किंचित उशिरा श्वास घ्यायचे, आठवतं? ती तस्साच घेते. वन्सं, माझ्या घरात त्यांनी कधी एक ओळ म्हटली नाही. म्हणायचे, घसा बसलाय. लग्न झालं तसा तो बसला, आणि कर्जणला जाऊन सुटला. मी पुढच्या बाकावर मान न वळवता बसले होते आणि माझ्या कानाच्या पाळ्या जळत होत्या.

मग जानेवारीत आपले पाळक उन्मेषसाहेब घरी आले. मुलगाच आहे तसा, तन्मयच्या वयाचा. चहा होईपर्यंत गुडघ्याबद्दल विचारत राहिले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे. हंसाला प्रभुभोजनाला बसायचं होतं, भाकर आणि प्याला घ्यायचा होता. दुसरीच्या नवऱ्याबरोबर राहिलेली, म्हणून नियमाप्रमाणे ती इतकी वर्षं बाहेर. मंडळीच्या बाकीच्या पंचांची हरकत नव्हती. पण मीही पंच, आणि जखम माझी; तेव्हा मला विचारल्याशिवाय ते काही करणार नव्हते.

मी विचारलं, त्यासाठी तिनं केलं काय? ते म्हणाले, पश्चात्ताप केला. मी म्हटलं, दूध संपल्यावर मांजरही करतं.

ते हसले नाहीत. मग त्यांच्या बोलण्यातून असं काही निघालं जे मला माहीत असेल असं ते धरून चालले होते. तुमचे भाऊ अंथरुणाला खिळले होते तेव्हा साहेब कर्जणला जात असत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी सगळं कबूल केलं, रडले, आणि साहेबांच्या हातून भाकर आणि प्याला घेतला. शांतपणे गेले म्हणे.

वन्सं, मी तुम्हाला खरं सांगते. माझा नवरा शांतपणे गेला हे ऐकून मला आनंद झाला नाही. मला वाटलं, माझा गुन्हेगार सुटला, आणि मला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही.

साहेबांनी समजावलं. देव माणसाला नीतिमान ठरवतो तो त्याच्या चांगुलपणाकडे पाहून नाही. त्याची शिक्षा ख्रिस्तानं भोगली म्हणून. आपण फक्त विश्वासानं हात पुढे करायचा. ती कमाई नव्हे, देणगी आहे. मला हे समजावत होते! रविवारच्या शाळेत निम्म्या मंडळीकडून हेच पाठ मी करून घेतलंय. चुकलं तर पुन्हा म्हणायला लावलंय. पण पाठ म्हणणारी ती पोरं होती, वन्सं, हंसा नव्हती.

मी त्यांना सांगितलं, नवरा दुसरीकडे राहत असताना मी त्याच्या आईचं केलं. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या होत्या त्या मी धुतल्या; वन्सं, तुम्ही पाहिल्यात. एकही रविवार चुकवला नाही. कुणाकडे मान वर करून बघितलं नाही. आणि शेवटी तिला आणि मला एकच घास, एकच घोट?

"त्यामुळे तुमच्या वाट्याला कमी येतं का, प्रेमलाबाई?" त्यांनी विचारलं.

"तिच्या वाट्याला जास्त येतं," मी म्हटलं.

ते गेल्यावर कप विसळताना मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

त्याच आठवड्यात मी कुणाला न सांगता एस.टी.नं कर्जणला गेले. तिचा पश्चात्ताप तपासायला गेले होते, दुसरं काय? बाजाराच्या मागे दोन खोल्या आहेत. ब्लाऊज शिवते. दोरीवर लोकांचे ब्लाऊज टांगलेले, आणि भिंतीवर तुमच्या भावांचा फोटो. त्यात ते हसतायत, दात दिसेपर्यंत. आपल्या घरातले सगळे फोटो आठवून बघा. आहे का एकात तरी?

तिनं मला ओळखलं. "बेसो, बेन," म्हणाली आणि चहा ठेवला. आलं घातलं नाही. मी आल्याचा चहा घेत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणजे त्या घरात माझ्याबद्दल बोलणं होत असे. फोटोपेक्षा मला ते जास्त लागलं.

एस.टी.त जे जे जुळवलं होतं ते सगळं मी बोलले. तिनं ऐकून घेतलं. आता ती सांगेल, ते सुखी नव्हते, तुमची जीभ तिखट होती. मी वाट बघत होते, कारण त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. तिनं तसलं काहीच म्हटलं नाही.

"तुमचं नेलं, ते खरं आहे बेन," ती म्हणाली. "परत द्यायचं तर ते मातीत गेलं. भरून द्यायला माझ्याकडे काय आहे? म्हणून तर तिथं हात पसरून येते."

मी विचारलं, "आणि देवानं माफ केलं, याची तुला खात्री आहे?"

"आहे ने."

"कशावरून?"

तिनं थोडा विचार केला. "माझ्यावरून असती तर एक दिवस टिकली नसती. त्यानं सांगितलंय, त्यावरून आहे."

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच, वन्सं. मी हा कागद तीनदा बाजूला ठेवला. नवऱ्यासाठी मी तिच्यावर जळले, गाण्यासाठी जळले, त्या हसणाऱ्या फोटोसाठी जळले. ते सगळं मला कळतं, तुम्हालाही कळेल. पण परतताना एस.टी.त मला रडू आलं ते त्याचं नव्हतं. मला तिच्या त्या "आहे ने"चा हेवा वाटला. मला कुणी विचारलं असतं, प्रेमला, तुझी खात्री काय, तर मी काय दाखवलं असतं? सासूबाईंची पाठ. रविवार. जन्मभर मी प्रार्थनेला बसले ती कचेरीतल्या साहेबापुढे काम दाखवायला उभं राहावं तशी. आणि काम पसंत पडलं की नाही हे मला आजवर एकदाही कळलेलं नाही. ती काही न दाखवता आत जाऊन बसली आहे आणि मी दारात सामान सांभाळत उभी.

मी साहेबांना कळवलं, घ्या तिला. मन मोठं झालं असं समजू नका. नाही म्हणायला कारण सापडेना, इतकंच.

परवा, पहिल्या रविवारी, प्रभुभोजन होतं. पहिल्या रांगेत जाणारी मी. हे तुम्हाला माहीत आहे. ह्या वेळी पहिली रांग उठली आणि मी उठले नाही. हंसा मागून आली, वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली. साहेबांनी भाकर दिली तेव्हा तिचे खांदे हलताना दिसले. मी बघत राहिले. दुसरी रांग गेली, तिसरी गेली. पंच असूनही मी बसलेली, लोक माना उंचावून माझ्याकडे बघत होते. साहेबांनी विचारलं, अजून कुणी राहिलंय का. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी उठले. कठड्याशी मी एकटीच. घेऊन जावं असं ह्या वेळी मनात एकही काम येईना. येत होता तो नुसता हेवा, तोच घेऊन गुडघे टेकले. भाकर घेतली, प्याला घेतला. आणि मग गुडघ्यानं दगा दिला, उठता येईना. कुणीतरी माझ्या काखेत हात घातला आणि मला उभं केलं. ब्लाऊज शिवून शिवून सुई टोचलेली ती बोटं मी ओळखली. मी हात झटकला नाही. बाकापर्यंत तिनं मला आणलं, आणि मी सरकून जागा केली.

तिला मी माफ केलं का? विचारू नका, मला माहीत नाही. तुमच्या भावांना तर अजून नाहीच. तिच्याशेजारी बसून मी गायले तेव्हाही तो उशिरा घेतलेला श्वास मला खुपलाच. हेवाही गेलेला नाही. पण आधी तो वाटेकऱ्याचा होता. आता उपाशी माणसाला जेवणाऱ्याचा वाटावा तसला आहे, आणि जेवण माझ्यापुढेही वाढलेलं आहे.

तिनं तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही ईस्टरला इकडे आलात तर कबरीवर जाऊ म्हणते. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुम्ही या. सटवी म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणा. पण माझ्या बाजूनं म्हणू नका. माझी बाजू म्हणून वेगळी काही उरलेली नाही.

तुमच्या आईची सेवा केलेली सून म्हणून नव्हे, नुसती तुमची,
प्रेमला