पट्ट्याची अट

मु. इंझोरी

सोयरे भगवंतराव यांस जगदेवचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंनी लावलेल्या लेपानं सूज उतरली असेल तर कळवा, नसेल तरी कळवा, नाहीतर माझ्या मनाला उगाच घोर लागतो. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाचून काहीतरी झालं असं समजू नये. होऊ नये म्हणूनच लिहितो.)

गावाच्या सभागृहावर दुसरा मजला चढतो आहे. बांधकाम समितीत मलाही घेतलं, कारण प्रत्येक सभेला मी लवकर जाऊन पुढं बसतो. ठेकेदारांकडून बंद पाकिटात दर मागवायचे आणि ज्याचा कमी त्याला काम द्यायचं, ही आपली रीत. त्या रीतीनं माझी अन्नावरची वासना उडाली. सिमेंट कमी केलं तर गाव ओरडतं, म्हणून दर पाडायचा झाला की ठेकेदार उंचावर अंगाला बांधायचे पट्टे, टोप्या आणि परांचीचा कठडा यांना कात्री लावतो. माणूस पडला तरी इमारत उभीच राहते ना! म्हणून मी सभेत मांडलं, की हे सामान टेंडरातच लिहा, त्याचा खर्च समितीनं ठरवून वेगळा ठेवा, म्हणजे त्यात कोणी दर तोडणार नाही. आणि पट्ट्याशिवाय कोणीही वर चढणार नाही. सगळे हसले. अध्यक्ष गोमतीबाई म्हणाल्या, "काहो भाऊ, सभागृह बांधून राह्यलो का किल्ला?" मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, "लिवा. पण अट समद्यायले एकच."

काम मेहबूब ठेकेदाराला मिळालं. त्याच्याकडे सेंटरिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू ठोकायला, कोण आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचे चिरंजीव, सध्या आमच्याच घरी राहणारे आमचे जावईबापू हर्षलराव. ज्याचे पाय धुऊन मुलगी दिली, त्याला "पट्टा बांधा" असं सासऱ्यानं कोणत्या तोंडानं म्हणावं? (एकदा नुसतं "जपून" म्हणालो, तर ते अर्धा चहा टाकून उठले. आमची लेक तनुजा म्हणते, चहा गार होता.) म्हणून मी ते गावाच्या तोंडून म्हणवलं.

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायला मलाच बोलावलं. शिडीवर पाय ठेवला तोच मेहबूब आडवा आला. "चाचा, पट्टा? शर्त तुमचीच हाय." पूजेला कसला पट्टा, असं मी म्हणालो. खालून गोमतीबाई ओरडल्या, "बांधा त्यायले! दोन बांधा!" टोपी फेट्यावर बसेना, म्हणून फेटा काढावा लागला आणि माझं टक्कल गावानं फुकटात पाहिलं. पट्टा कोणी आवळला? जावईबापूंनी. सासऱ्याच्या मांड्यांमधून पट्टा ओढायचा, हे कोणत्याही पोथीत सांगितलेलं नाही. ते "पाय उचला" म्हणाले, मी उचलला. आमचं एवढं लांब बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

वर नारळ फोडला, हात जोडले आणि निघालो. पट्ट्याचा आकडा दोरीला अडकवलेला आहे हे विसरलो. दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा मागं खेचला गेलो. सारं गाव हसलं. जावईबापूही स्लॅबच्या अगदी काठावर उभे राहून हसत होते, आणि त्यांच्या अंगावर पट्टा नव्हता. मेहबूबनं मोजून मजुरांपुरतेच पट्टे आणले होते. पाहुण्याचा पट्टा टेंडरात लिहायचा माझ्याकडून राहिला होता. माझ्या अंगावर होता तो त्यांचाच!

माझ्या तोंडून निघालं, "हर्षल! खाली उतर!"

भगवंतराव, जावयाला अरेतुरे, तेही गावासमोर! ते मुकाट्यानं उतरले. तेव्हापासून घरात बोलत नाहीत. जेवतात, पण वाढलेलं तेवढंच.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याचं कळवा.

आपला,
जगदेव

ता. क. गुडघ्याचं सवडीनं कळवलं तरी चालेल. माझ्या वतीनं चिरंजीवांची समजूत तेवढी घाला. आणि बाप म्हणून पट्ट्याचं तुम्हीच सांगा. तुम्हाला अरेतुरेची मुभा आहे.

ता. क. पाहुण्यांसाठी वेगळा पट्टा समितीनं मंजूर केला. नारळ यापुढे खालीच फुटेल.

ता. क. तनुजा बाजारात भाजी विकताना सभागृहाकडे पाठ करून बसते. त्या बाजूनं ऊनही येत नाही. हे हर्षलरावांना ठाऊक नसावं.

ता. क. पत्र त्यांच्याच हाती पाठवतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. घरात डिंक आहे.