दारातल्या काट्या

राणीसावरगाव, मंगळवार. दिवस मावळायलाय.

शोभानं आज परत नळाला हळदकुंकू वाहिलं. रोज काय पूजा करायची? देव हाय का तो? माझी सख्खी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. पण नळ तिच्या दारात, माझ्या दारात नुसता फुफाटा.

यंदा बाळंतपण होतं म्हणून ती ऊसतोडीला आली न्हाई. आमी दोघं गेलो. जाताना दरसालासारख्या दाराला बाभळीच्या काट्या लावल्या, कुत्री-शेळ्या घुसू नयेत म्हणून. मागं नळवाले आले. काट्या बघून म्हणाले, इथं कोणी राहत न्हाई, आणि पाईप घेऊन पुढं गेले. मग मी कोण, भूत?

आज कळशी घेऊन हापशाला निघाले तर शोभा म्हणते, "आक्का, इथंच भरा की. कशाला लांब जायलाव?" मी म्हणलं, "पाणी हाय आमच्यात." रिकामी कळशी कमरेवर, आणि डोळा त्या नळाच्या कुंकवावर!

हापसा नुसता खाकरला. थेंब न्हाई. परत आले तर माझ्या उंबऱ्यात भरलेली घागर. माझ्या मागं शोभा ठेवून गेली होती. समोर असती तर भांडता तरी आलं असतं.

हे म्हणाले, "काट्या नीट ठेव, दिवाळीनंतर परत लागतील."

सगळ्या चुलीत घातल्या. त्याच जाळावर चहा केला, शोभाच्या पाण्याचा. लय चांगला झाला, मेला.