कुणीही चालवील अशी लाल गाडी

१७ डिसेंबर

आली एकदाची! आप्पांची गाडी. लालभडक आणि इतकी बसकी, की आत कोण आहे ते बघायला कमरेत वाकावं लागतं. सकाळच्या बॅचला क्लच शिकवत होते, तेवढ्यात मिलच्या गेटातून आत शिरली. बबलू ड्रायव्हर चालवत होता, आप्पा शेजारी. गेटाजवळच्या स्पीड ब्रेकरवर पोट घासलं — खर्रर्र! माझ्या विद्यार्थिनीनं दचकून आमची गाडी बंद पाडली. मी सवयीनं ब्रेक दाबला. बंद गाडीचा.

आप्पांनी उतरल्या उतरल्या सांगितलं, "ताई, तीन पॉइंट नऊ सेकंदात शंभर!" नमस्कार नंतर.

वीरण्णाआप्पांचं मला कौतुकच आहे. एवढी मोठी डाळमिल, पण आठ वर्षांपूर्वी मी मागचं मैदान क्लाससाठी मागितलं तेव्हा एका शब्दात हो म्हणाले. भाडं नाही, अट नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभे राहतात आणि आमचं पुढं-मागं बघतात. मैदान त्यांचं, बघोत बिचारे. लातूरच्या रस्त्यावर नवशिक्याला घेऊन गेले तर रिक्षावाले मला जिवंत सोडायचे नाहीत.

१९ डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

आप्पांच्या शेतात जेवण. भाज्या-डाळींची भज्जी इतकी खाल्ली की आंबिलीला जागा उरली नाही, तरी प्याले.

गौरम्माअक्का (आप्पांची बायको, माझी जुनी विद्यार्थिनी, समांतर पार्किंगमध्ये एक नंबर) वाढत होत्या. तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा नवरा आला नांदेडहून — मल्लिकार्जुनअण्णा, तेलाची मिल आहे त्यांची. म्हणजे आप्पांचे साडू. आणि साडू-साडू म्हटल्यावर काय, एकानं पंखा घेतला की दुसरा कूलर घेणार. अण्णांनीही गाडी घेतलीय! निळी, छोटी, दोनच सीट, वरचं छप्पर मागं सरकतं. गिअर हातानं टाकायचे. ताकद लाल गाडीच्या निम्मीसुद्धा नाही.

मग तुरीच्या पाटीशेजारी जुंपली.

आप्पा म्हणाले, "किती सेकंदात शंभर?"

"मोजलं न्हाई."

"हॉर्सपावर?"

"आप्पा, तुम्ही नंबर सांगून राहिले, मी गाडी चालवून राहिलो."

सगळी पंगत हसली. आप्पा सोडून. मग पैज लागली. पैशाची नाही. हरणाऱ्यानं महाशिवरात्रीला जिंकणाऱ्याला सासुरवाडीला न्यायचं, देगलूरला. जिंकलेल्याची गाडी, हरलेल्यानं स्वतः चालवायची, अख्ख्या गल्लीसमोर. ड्रायव्हर चालणार नाही. अण्णांनीच ठरवलं. आप्पा जरा थांबले, मग "हाव" म्हणाले.

परीक्षक कोण? गौरम्माअक्कांनी उलथण्यानं माझ्याकडं बोट केलं. "आमच्या ताई हायत की!"

माझ्या हातातला बाजरीचा उंडा हातातच राहिला.

२० डिसेंबर

ह्यांना सांगितलं. जिल्हा परिषदेतून आल्यापासून हसतायत. आमच्या भुजंगरावांचं मत: "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी."

२३ डिसेंबर

एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवते. मी शेवटची गाडी कधी चालवली? शिकवली नाही — चालवली? क्लासच्या गाडीत मी डावीकडं, माझा जादा क्लच-ब्रेक पायाखाली. घरी जाताना स्कूटी. गावाला जाताना एसटी, आणि तिथंही पाय ब्रेक दाबत असतो. मागे उमरीला जाताना पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून विचारलं होतं, "बाई, पायाला काय झालं?"

आता एकदम दोन स्पोर्ट्स कार! खोटं कशाला बोलू, रोज रात्री झोपताना तेच डोक्यात आहे.

२८ डिसेंबर, रविवार

पाठ धरलीय, पण आज लिहिणारच.

ठरलं असं: नांदेडहून इस्लापूर. जाताना मी लाल चालवायची, आप्पा शेजारी. येताना निळी, अण्णा शेजारी. नांदेडपर्यंत लाल गाडी बबलूनं नेली. मागच्या सीटवर मी, गुडघे हनुवटीला. ती सीट बहुतेक भाजीच्या पिशवीसाठी केलीय.

नांदेड सुटल्यावर मी उजवीकडं बसले; अण्णा आणि बबलू निळीतून मागं. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटलं. आप्पा चपला घालून आले होते. मी म्हटलं, "आप्पा, बरं झालं तुम्ही चालवत न्हाई, माझ्या क्लासमधे चपलेला बंदी हाय." ते हसले. जरा कसनुसं.

भोकरच्या अलीकडं रस्ता मोकळा मिळाला. आप्पा म्हणाले, "दाबा." दाबला. देवा! मान मागं, पोट त्याच्याही मागं. झाडं नुसती रेघ झाली. मी ओरडले की काय आठवत नाही. आणि मग पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या. ब्रेक. मग इतर सगळ्यांसारखंच ट्रॅक्टरच्या मागं, पाचटाचा कचरा काचेवर झेलत. एवढ्या सेकंदांचं करायचं काय?

वळणं आली तेव्हा वाटलं, आता मजा. पण लाल गाडीला माझी गरजच नव्हती. ब्रेक तीच सावरायची, गिअर तीच बदलायची, मी जरा जोरात वळवलं तर तीच शांतपणे सरळ करायची. हुशार पोरगी असते ना, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणारी? तसं. गाडी भारी आहे, त्यात वादच नाही. मी फक्त बसले होते.

आप्पांना विचारलं, "वळणावर कशी वाटते तुम्हाला?"

"टॉर्क लई हाय तिला."

वळणाचं विचारलं, टॉर्क सांगितला. आणखी एक गंमत — सगळा वेळ आप्पा रस्ता सोडून माझ्या पायांकडं बघत होते. मला वाटलं, बूट चिखलाचे आहेत की काय. नवी गाडी, माणूस जपणारच.

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला धबधबा बघितला, भजी खाल्ली, गाड्या बदलल्या. बबलू आप्पांना घेऊन लाल गाडीतून पुढं गेला, भोकरला चहाच्या टपरीवर थांबतो म्हणाला.

निळी चालू केली आणि पहिल्याच गिअरला बंद पाडली! मी! वीस वर्षं क्लच शिकवणारी! अण्णा म्हणाले, "होतं असं. लाजाळू हाय ती." दुसऱ्यांदा सुटली. आणि मग काय सांगू. सागाचं जंगल, छप्पर मागं, ऊन अंगावर. पन्नासच्या वेगात इतकं काही घडत होतं! रस्ता जरा खरबरीत झाला की हाताला कळायचं. वळणाआधी गिअर उतरवायचा, नेमका बसला तर गाडी गुरगुरून वळायची. चुकला तर हिसका. माझी चूक माझी, माझं बरोबर माझं. चढावर दम लागायचा तिला, तर मीच सीटवर पुढं सरकत होते. जसं काही त्यानं चढेल.

हसत होते मी. एकटीच, मोठ्यानं. अण्णा गुणगुणत बसले. एका ठिकाणी बाजूला लाल गाडी दिसली, बबलूनं हात केला. मीही केला. पुष्कळ पुढं गेल्यावर लक्षात आलं — ते भोकर होतं! चहा तिथं प्यायचा होता!

"अण्णा, सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता की."

आणि डावा पाय, उजवा पाय, एकदाही उगाच दाबला गेला नाही.

२९ डिसेंबर

निकाल तर डोळ्यासमोर आहे. पण तोंड कसं उघडू? आप्पांची गाडी हरली असं मी म्हणायचं, आणि उद्या सकाळी त्यांच्याच मैदानात जाऊन उभं राहायचं! मैदान गेलं तर क्लास गेला. दुसरी मोकळी जागा शहरात उरलीय कुठं?

ह्यांचं म्हणणं, "दोन्ही छान म्हण, विषय मिटव." म्हणजे सरकारी उत्तर. पण विद्यार्थ्याची चूक झाली तर मी तोंडावर सांगते, मग इथं का घाबरू? तरी घाबरलेच आहे.

१ जानेवारी

सांगून टाकलं. मिलच्या ऑफिसात, चहा आल्यावर. दोघे साडू, गौरम्माअक्का, मी.

"पळण्यात आप्पांची गाडी पहिली, पुन्हा विचारायचंच न्हाई. पण चालवायची मजा निळीत. लाल गाडीत चालवणाऱ्याला कामच न्हाई, आप्पा. कुणालाबी बसवा, ती तेवढीच पळती."

अण्णांनी टेबलावर थाप मारली. आप्पांनी हळूच विचारलं, "कुणीबी चालवल म्हणता?"

"हाव. कुणीबी."

उठून गेले. कपात चहा तसाच. माझी जीभ कुणीतरी कापून ठेवायला पाहिजे. हरली एवढं म्हणून थांबले असते तर चाललं असतं. हौसेनं घेतलेल्या गाडीला "कुणीबी चालवल" म्हणायची काय गरज होती?

५ जानेवारी

गेट बंद. आतून कुलूप.

तीन विद्यार्थिनी, मी आणि क्लासचा खटारा, रस्त्यावर. बबलू समोरच्या टपरीवर चहा पीत होता. म्हणाला, "आप्पा म्हणले, सकाळचं कुणालाच आत सोडू नको. मलाबी आत घेत न्हाईत." आतून लाल गाडीचा आवाज येत होता. एकदम गर्जना, मग एकदम शांत. परत गर्जना.

बरं आहे. माझं मैदान घेतलं आणि त्यात मिरवताय. मिरवा.

६ जानेवारी

आजही कुलूप. रिंग रोडच्या कडेला शिकवलं. ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पोरीनं क्लच सोडून दिला, स्टिअरिंग सोडून दिलं, डोळे मिटले. माझ्या ब्रेकनं वाचवलं. अशानं क्लास चालणार नाही.

९ जानेवारी

खूप राग आला आहे. आप्पांचा, आणि त्याहून माझा. एका शेतकऱ्याची पडीक जागा बघून आले. दगडच दगड. तिथं फक्त ट्रॅक्टर शिकवता येईल. आठ वर्षांत ज्या माणसानं कधी गेट लावलं नाही, त्याला मी एका वाक्यात लावायला लावलं.

पण निकाल बदलणार नाही. निळीच.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला गौरम्माअक्कांकडं जाऊ की नको, जाऊ की नको — गेले. आप्पा घरात नव्हते. अक्कांनी तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला, आणि माझ्या तोंडाकडं बघून हसायलाच लागल्या.

"अक्का, आप्पा लई चिडलेत का माझ्यावर?"

"तुमच्यावर? न्हाई वो. उद्या सकाळी गेटावर या. आता त्यांचं त्यांनीच बोलू द्या."

काय बोलणार? मैदान बंद म्हणून तोंडानं सांगणार असतील. सांगू देत. घोडामैदान जवळच आहे.

१५ जानेवारी

गेट सताड उघडं. मैदानभर टायरच्या काळ्या रेघा, कडेच्या कडुलिंबाची साल निघालेली, लाल गाडीचं नाक चेपलेलं. आप्पा माझ्या जागेवर उभे. पायात चपला नाहीत — नवे पांढरे बूट, लेस नीट बांधलेली.

"ताई, तुम्ही म्हणलात कुणीबी चालवल. रोज गेट लावून बघितलं. मला न्हाई आली." मग बुटांकडं बघत, "मला कोणतीच येत न्हाई. कधीच येत नव्हती. ओट्यावरून बघत होतो, पण विचारायची लाज वाटायची. आता देगलूरला मल्लूची गिअरची गाडी चालवायची हाय. लर्निंग लायसन काढलंय. मल्लूला सांगू नका."

शिवरात्रीला एक महिना आहे. मी डावीकडं बसले, आप्पा उजवीकडं. क्लच झटकन सुटला, खटाऱ्यानं उडी मारली आणि बंद पडला. आप्पा हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग "परत" म्हणाले आणि स्वतःच चावी फिरवली.