जागा रिकामी आहे

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या गुडघ्याची चौकशी करणार होते, पण परवा तुला पाठीवर निवांत तरंगताना पाहिलं, त्यामुळे तो प्रश्न वगळते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी काय झालं ते क्रमाने सांगते. पालिकेला जुना तरणतलाव चालवायला खासगी गुंतवणूकदार हवा आहे. नाही मिळाला, तर तलाव बुजवून वाहनतळ होणार, हे ठरलेलं आहे. प्रकल्प कक्षातली अभियंता म्हणून माहितीपत्रक मी लिहिलं: जागा रिकामी, सहा वर्षं वापर नाही, कोणाचाही हक्क नाही. (फाइलमध्ये तसंच होतं.) ते वाचून शेवटपर्यंत टिकले ते एकच गृहस्थ. बाकीचे, जमीन नक्की कोणत्या खात्याची, एवढं विचारून गेले. (ते आम्हीही अजून विचारतोच आहोत.) परवा त्यांना जागा दाखवायला नेलं, तर फाटकाला उद्यान, पाणी आणि मालमत्ता अशा तीन खात्यांची तीन कुलपं. दोन खाती आली. पाणीवाले रजेवर, किल्ली त्यांच्या खिशात. गृहस्थ उन्हात उभे, आणि आमचे साहेब त्यांना सगळ्या परवानग्या एका खिडकीवर कशा मिळतात ते समजावत होते.

तेव्हा मला मागच्या भिंतीतलं भगदाड आठवलं. तू तिथे पोहायला शिकवायचीस तेव्हा शाळेला दांडी मारून मी त्यातूनच तुझ्याकडे यायचे. आत क्लोरिनचा वास, तापलेल्या फरशीवर ओली पावलं, ती वाळायच्या आत पुढचं पाऊल टाकायची माझी शर्यत. तू माझ्या हनुवटीखाली एक बोट धरायचीस आणि म्हणायचीस, "धरलंय गं मी." ते बोट तू कधी काढून घेतलंस, मला आजवर कळलेलं नाही. असो. हे प्रकल्पाशी संबंधित नाही.

साठीच्या गृहस्थांना कोटासकट भगदाडातून आत घेतलं. (खिसा फाटला.) आत तलाव काठोकाठ भरलेला, पाणी आरशासारखं, आणि त्या रिकाम्या जागेत आठ बायका. तुम्हीही भगदाडातूनच येता, हे मला तेव्हा समजलं. तू पाण्यातूनच ओरडलीस, "बूट काढा आधी! आणि ही पुरुषांची वेळ नाही!" गृहस्थांनी बूट काढले. साहेबांनीही काढले. तुझी ती निवृत्त परिचारिका मैत्रीण म्हणाली, "भाचीने मुलगा दाखवायला आणला वाटतं. वय जरा जास्तच आहे." गृहस्थांनी विचारलं, पाणी कोण राखतं? साहेब म्हणाले, पालिका. तू म्हणालीस, "मी. पालिका तर आज पहिल्यांदाच आली."

यानंतर तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. मी समजू शकते. माझं काही मागणं नाही.

तुझी,
भाची

ता. क. मागणं आहे. गृहस्थ तलाव घ्यायला तयार आहेत, पण तो तू चालवलास तरच. 'खासगीवाल्यांची चाकरी करणार नाही' हे मैत्रिणीकरवी आलेलं तुझं उत्तर त्यांना मी अजून कळवलेलं नाही. गुरुवारी कार्यालयात ये आणि हो म्हण. वाहनतळात पोहता येत नाही.

ता. क. २. सकाळचा पहिला तास तुम्हा आठजणींचा, तोही फुकट, असं करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. अशा अटींमुळेच गुंतवणूकदार पळतात, असं मी कालच अहवालात लिहिलं आहे. ही अट तुला कोणी सुचवली, असं साहेब विचारतील. तू माझ्याशी बोलत नाहीस, असं सांग.